मान टाकलेली रोपं

सुट्टीला काकूकडे आल्यावर पहिल्याच सकाळी सायकलवरून तळ्याकडे जायचं, हे आधीच ठरलं होतं. सायकली तीन होत्या, पण एकीला ब्रेक नव्हता. ती कोणी घ्यायची यावर जिन्याखाली जोरदार वाद चालला होता. तेवढ्यात शेपूट धावत आला आणि म्हणाला, "काकूची रोपं मेली."

शेपूट म्हणजे खारीचा धाकटा भाऊ. खार जाईल तिथे हा मागे, म्हणून शेपूट. आणि खार म्हणजे एका जागी न टिकणारी, दिसेल त्यात नाक खुपसणारी बारा वर्षांची मुलगी. तिला हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण बसलं होतं मात्र घट्ट. तिसरा लांब्या, काकूचा मुलगा. गेल्या वर्षभरात तो असा काही वाढला होता की त्याच्या सगळ्या विजारी काकूला उसवून लांब कराव्या लागल्या होत्या.

"मेली नाहीत," लांब्या सायकलची साखळी चढवत म्हणाला. "मान टाकलीय. रोजच टाकतात. त्यात काय बघायचं?"

हे तो इतक्या कोरडेपणाने म्हणाला की खारीला त्याचा रागच आला. कारण ती रोपं साधीसुधी नव्हती. ती काकांची होती.

काका गेले त्याला वर्ष होऊन गेलं होतं. ते गच्चीवर टोमॅटो लावायचे, पिवळेधमक आणि अंगावर घड्या पडलेले. दर वर्षी त्यातल्याच एका चांगल्या फळाचं बी काढायचं, वाळवायचं आणि रिळांच्या जुन्या डब्यात ठेवायचं, हा त्यांचा नेम होता. तसे टोमॅटो बाजारात मिळत नसत. कोणा एका गिऱ्हाइकाने त्यांना पहिलं बी दिलं होतं, आणि ते गिऱ्हाईक पुढे कुठे गेलं याचा पत्ता नव्हता. खारीने ते टोमॅटो गच्चीच्या पायरीवर बसून, मीठ लावून, कोपरापर्यंत रस ओघळेपर्यंत खाल्ले होते. गेल्या साली ते कोणी लावलेच नाहीत. या वर्षी काकूने मन घट्ट करून डबा उघडला आणि होतं नव्हतं ते सगळं बी पेरून टाकलं. आता मागे एक दाणाही उरला नव्हता.

तळ्याचा बेत तिथेच बारगळला. तिघं शिवणखोलीत गेली.

काकूची शिवणखोली घराच्या तळमजल्यावर होती. मधोमध कापायचं लांब टेबल, खिडकीपाशी दोन मशिनं, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. खिडकीसमोरच पलीकडची भिंत, त्यामुळे ऊन असं आत येतच नसे. एका कोपऱ्यात फळीवर रोपांचा ट्रे होता आणि छताच्या हुकातून साखळीने लोंबणारा पांढरा, लांबट दिवा त्याच्या डोक्यावर वीतभर अंतरावर होता. काकूने तो खास रोपांसाठी आणला होता. सकाळी लावायचा, संध्याकाळी बंद करायचा.

एवढं सगळं असूनही रोपांची दशा बघवत नव्हती. टाचणीएवढी दोन-चार पानं, आणि त्याखाली दोऱ्यासारखी बारीक, पांढुरकी, लांबच लांब दांडी. काही एकमेकांच्या अंगावर रेलली होती, काहींनी चक्क लोळण घेतली होती.

"तुझ्यासारखीच झालीत रे," शेपूट लांब्याला म्हणाला. "नुसती उंची."

लांब्याने त्याला एक टप्पल मारली.

काकू मशीनच्या सुईत दोरा ओवत होती. बी म्हातारं झालं असावं, असं तिचं म्हणणं पडलं. गेल्या साली पेरलं असतं तर ही वेळ आली नसती, चूक आपलीच. रविवारपर्यंत वाट बघू, नाहीतर ट्रे रिकामा करून टाकू. रोज उठून हे बघवत नाही, असं ती म्हणाली आणि दोरा सुईतून निसटला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

 खारीचं डोकं मात्र चालूच होतं. बी म्हातारं असतं तर उगवलंच नसतं. ही तर सगळी उगवली होती. शिवाय आणखी एक गोष्ट तिला खटकली. दिवा बरोबर डोक्यावर, मग सगळी रोपं टेबलाच्या बाजूला का झुकली होती? कोणीतरी तिकडून हाक मारावी तशी.

तिने मास्तरांना विचारून बघायचं ठरवलं. मास्तर म्हणजे कापड कापणारे. चष्मा नाकाच्या टोकावर, गळ्यात टेप, बोटांना कायम खडू. काकांच्या वेळेपासून ते इथे होते. सध्या त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती, कारण एका बँडपथकाचे मरून रंगाचे कोट शिवायला आले होते.

"मास्तर, तो रोपांवरचा दिवा चांगला आहे का हो?" खारीने विचारलं.

"एक नंबर दिवा!" मास्तर कात्री न थांबवता म्हणाले. "त्याच्या उजेडात मरून तो मरूनच दिसतो. नाहीतर हा आमचा पिवळा बल्ब. याच्याखाली मरून आणि चॉकलेटी सख्खे भाऊ."

मग त्यांनी एक जुनी फजितीही ऐकवली. एका साहेबांचा मरून कोट त्यांनी याच बल्बखाली चॉकलेटी दोऱ्याने शिवला होता. साहेब कोट घालून उन्हात गेले आणि तसेच परत आले, ते आरडाओरडा करतच. तेव्हापासून मास्तरांनी दोऱ्याच्या रंगाची धास्तीच घेतली होती. मुलं पोट धरून हसली आणि बाहेर आली.

रोपांशी कोणीतरी काहीतरी करतंय, हे खारीला पक्कं वाटत होतं. पण काय, ते कळायचं कसं? युक्ती लांब्याने काढली. मास्तर चहाला बाहेर गेल्यावर त्याने कच्चे टाके घालायचा निळा दोरा घेतला, स्टुलावर चढला आणि साखळीची वरची कडी हुकाला हलकेच बांधून टाकली. हा दोरा मुद्दामच कच्चा असतो, जरा हिसका बसला की तुटतो. खालून तो दिसतही नव्हता.

"तुला तर काही पडलेलं नव्हतं ना?" खार म्हणाली.

"स्टूल धर नीट," लांब्या म्हणाला.

दुपारी काकू नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकांची मापं घ्यायला स्कूटरवरून गेली. ती परत आल्यावर तिघांनी जाऊन पाहिलं. दिवा होता तिथेच होता, तेवढ्याच उंचीवर. निळा दोरा मात्र तुटून साखळीला लोंबत होता.

शेपटाने भुतापासून मांजरापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला.  जेवताना मात्र खारीचा घास हातातच राहिला. दिवा कोपऱ्यात आणि मास्तरांचं टेबल मधोमध. मग त्या उजेडात मरून कसा दिसतो, हे मास्तरांना कुठून ठाऊक?

तिने हे दोघांना सांगितलं, तेव्हा काकूला लगेच कळवावं असं शेपटाला वाटलं. लांब्या नको म्हणाला. मास्तर बाबांचे दोस्त, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांचं नाव घ्यायचं नाही. खारीला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी काकूची स्कूटर निघायच्या आधीच तिघं कापायच्या टेबलाखाली शिरून बसली. टेबलावरून मरून कापड खालपर्यंत लोंबत होतं, त्यामुळे आडोसा झकास होता. त्रास एवढाच की खाली चिंध्या आणि कापडाचं बारीक तूस, आणि शेपटाच्या नाकाला तूस अजिबात चालत नसे. खारीने त्याचं नाक चिमटीत धरून ठेवलं.

थोड्या वेळाने मास्तरांच्या चपला कोपऱ्याकडे गेल्या. साखळी खुळखुळली. खारीने कापडाच्या फटीतून पाहिलं. मास्तरांनी कापड मोजायच्या गजाने साखळी अलगद उचलली आणि थेट टेबलाच्या वरच्या हुकात नेऊन अडकवली. जुना पंखा काढल्यापासून तो हुक रिकामाच होता. टेबल लख्ख उजळलं आणि कोपऱ्यात अंधारून आलं. वर मास्तरांनी इस्त्रीची घोडीही सरकवून फळीला लावली. इस्त्री फिरू लागली तशी गरम वाफ सरळ रोपांच्या अंगावर जायला लागली.

आता समजलं! उजेड टेबलावर, म्हणून रोपं टेबलाकडे मान लांब करत होती. उजेड हवा म्हणून नुसती वर वर वाढत होती, आणि उबेने त्यांना आणखीच घाई होत होती. जाड व्हायला त्यांना सवडच मिळत नव्हती. दोऱ्यासारखी होतील नाहीतर काय?

बाहेर स्कूटर वाजली, आज नेहमीपेक्षा बरीच लवकर. मास्तरांनी झटकन गज उचलला. नेमकं तेव्हाच खारीच्या चिमटीतून शेपटाचं नाक निसटलं आणि त्याला सणसणीत शिंक आली.

मास्तरांच्या हातून गज पडला. काकू दारात उभी राहिली. तिने टेबलावरचा दिवा पाहिला, कोपऱ्यातला अंधार पाहिला, आणि टेबलाखालून रांगत निघालेली, तुसाने माखलेली तीन पोरं पाहिली.

"हे काय चाललंय?" ती म्हणाली.

खारीने सगळं सांगितलं. मास्तर ओशाळले, पण मानायला तयार होईनात. रोज दुपारी चार तास दिवा घेतो, पण परत जागेवर ठेवतो ना! शिवाय तो बंद कुठे केला? सुरूच होता, याच खोलीत होता. उजेड तो उजेड, जरा इकडे असला काय आणि तिकडे असला काय. या पोरांनी उगाच राईचा पर्वत केला, असं त्यांचं म्हणणं.

 खारीने टेबलावरची दोन रिळं उचलली, एक मरून आणि एक चॉकलेटी. वरचे कागद काढले, पाठीमागे हातात अदलाबदल केली आणि दोन्ही रिळं रोपांच्या ट्रेमध्ये ठेवली.

"मास्तर, दिवा टेबलावरच राहू दे. यातलं मरून कुठलं?"

मास्तर हसत हसत फळीकडे गेले. चष्मा वर केला, खाली केला. वाकून बघितलं. हसू हळूहळू मावळलं. त्यांनी एक रीळ उचललं आणि दिव्याकडे जायला निघाले.

"अंहं," खार म्हणाली. "तिथेच ठेवून सांगा. रोपांना कुठे टेबलापाशी जाता येतं?"

मास्तरांनी रीळ परत ठेवलं.  मग गज घेऊन त्यांनी दिवा कोपऱ्यात आणला, आणि डावीकडचं रीळ मरून आहे हे लगेच दिसलं.

"चुकलो वहिनी," ते म्हणाले. "दोऱ्याच्या रंगासाठी जीव टाकतो मी, आणि इथे काय चाललंय ते दिसलं नाही. माझ्या दोस्ताच्या हातचं बी होतं ते."

 काकूने ट्रेवर हात ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे बी म्हातारं झालं नव्हतं." तिचे डोळे भरून आले. ते तिने पदराला न पुसता खांद्यावरच्या टेपने पुसले, आणि शेपटाला हसू फुटलं. मग तीही हसली.

पण चोर सापडला म्हणून रोपं काही उभी राहणार नव्हती. ताणलेली दांडी आखूड होत नाही. आता काय करायचं, असं काकूने विचारलं तेव्हा खारीला गच्चीवरचे काका आठवले. एकदा त्यांचीही रोपं अशीच उंच झाली होती. तेव्हा ते म्हणाले होते, उंच झालं म्हणून रागवायचं नाही, त्याला खोल बसवायचं. टोमॅटोच्या दांडीला मातीत मुळं फुटतात.

दुपारभर सगळे त्याच कामाला लागले. कागदी पेल्यांना बुडाशी भोकं पाडली, माती भरली, पेन्सिलीने खोल खड्डे केले. रोपाला दांडीला धरायचं नाही, पानाला धरायचं, असं काकूने बजावलं. पान गेलं तर दुसरं येतं, दांडी मोडली तर सगळंच गेलं. एकेक रोप पानांपर्यंत मातीत गेलं. शेपटाला हे पसंत नव्हतं, जिवंत रोपं पुरतात का, असं तो विचारत राहिला.

लांब्याच्या हातून एक दांडी मोडली. तो तसाच बसून राहिला, ते तुटलेलं रोप तळहातावर घेऊन. काकूने ते हळूच काढून घेतलं आणि दुसरं रोप त्याच्या हातात दिलं.

"बाबांच्या हातूनही मोडायची," ती म्हणाली.

लांब्याने मान हलवली. पुढचं एकही त्याने मोडू दिलं नाही.

इस्त्रीची घोडी दाराशी गेली. टेबलावर पिवळ्या बल्बच्या जागी पांढरी ट्यूब आली. ती मास्तरांनी स्वतः आणली आणि स्वतः बसवली. रोपांवरचा दिवा वीतभर उंचीवर राहिला, आणि रोपं वाढली की तेवढाच वर जायचा. रोज सकाळी रोपांच्या शेंड्यांवरून हलकेच हात फिरवायचं काम शेपटाकडे आलं. वाऱ्यासारखं हललं की दांडी जाड होते, असं काकू म्हणाली. शेपूट मांजर कुरवाळावं तसा हात फिरवायचा आणि प्रत्येकाला सुप्रभात म्हणायचा.

सुट्टी संपत आली तेव्हा रोपं बुटकी, हिरवीगार आणि काडीसारखी टणक झाली होती. मास्तरांनी एका दांडीला चिमटीत धरून बघितलं, कापडाचा पोत बघावा तसं.

"वहिनी, ही पोरगी मला द्या," ते म्हणाले. "असली नजर कापडाला लाभली तर माझी कात्री मी खुशाल तिच्या हातात देईन." खारीचे कान लाल झाले. काकूने तिघांच्याही पाठीवर हात फिरवला आणि रोपं आता गच्चीवर न्यायला हवीत, म्हणाली.

लांब्या वर्षभर गच्चीवर गेला नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणी काही म्हणायच्या आत त्याने ट्रे उचलला आणि जिना चढायला लागला. बाकीचे मागून गेले.

खार आणि शेपूट आपल्या घरी परतली, शाळा सुरू झाली. एका शनिवारी सकाळी लांब्याचा फोन आला. तो नेहमीसारखाच कोरडा बोलला.

"एक पिवळा झालाय. चांगला मोठा आहे. अर्धा बियांसाठी."

"आणि उरलेला अर्धा?"

"आई म्हणते, तुम्ही आल्याशिवाय तोडायचा नाही. मास्तर रोज दोनदा बघून येतात. लवकर या, नाहीतर ते त्याचंही माप घेतील."

खार फोन ठेवून आईला विचारायला वळली. शेपूट बूट घालून दारात उभा होता, हातात मिठाची पुडी घेऊन.