दुसरा चमचा

बाबांच्या शेवटच्या संध्याकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. डोक्यावर पोलिसांचा ड्रोन घोंघावत होता. बाबांनी त्याला चहाचा कप उंचावून दाखवला.

"बस ना जरा," ते मला म्हणाले.

"कामं पडलीयेत, बाबा." हे आमचं रोजचंच.

अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात एक तरुण पोलीस.

"ड्रोनविरुद्धची तक्रार तुमचीच?"

"ड्रोन तुमचाच?" मी विचारलं.

तो ओशाळला. तो जबाब लिहून घेत असताना बाबांनी त्यालाही चहा दिला. "मी साखर किती घेतो, ते वरून दिसतच असेल!"

"दोन चमचे," तो बोलून गेला.

मी बाबांकडे पाहिलं. माझ्यासमोर बाबा एकच घेत.

पहाटे बाबा झोपेतच गेले.

महिन्याने त्या पोलिसाचा फोन आला. "त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग नियमाप्रमाणे आज पुसायचं आहे. अर्ज केलात तर ठेवता येईल. त्याआधी... पाहायला याल?"

मी पोलीस ठाण्यात गेले. त्याने खुर्ची ओढून दिली. मी उभीच राहिले.

"तक्रार मागे घ्यावी म्हणून बोलावलंत?"

"छे. घेऊच नका." त्याने एक कागद पुढे केला. खाली त्याचीच सही. त्यात कबुली होती: बंदोबस्त चौकात असताना कॅमेरा तीन वेळा आमच्या गच्चीवर वळवला – विनाकारण.

"विनाकारण?"

"कारण होतं..." त्याचे कान लाल झाले. "कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं."

"ड्रोन काढून घेतील तुमच्याकडून."

"घेऊ देत. मग जिन्यानेच येईन. तुम्ही येऊ दिलंत तर."

"बेल वाजवून," मी म्हणाले. आवाजात राग होता. नुसताच राग नव्हता.

त्याने रेकॉर्डिंग लावलं. आवाज नव्हता. बाबा केवढेसे दिसत होते. शेजारची रिकामी खुर्ची थोपटत होते. मी दोरीकडे वळले, तरी त्यांचा हात थोपटतच राहिला. मग माझी पाठ पाहून पटकन दुसरा चमचा!

रडता रडता मला हसू फुटलं.

"ठेवायचं?" त्याने हळूच विचारलं.

"नको. ती आमची गच्ची आहे. पुसा..." मी स्क्रीनकडे पाहिलं. "आधी एकदा परत लावा."

बाबांनी पुन्हा खुर्ची थोपटली. त्याने ओढून दिलेली खुर्ची मी स्क्रीनजवळ सरकवली.

"बसते, बाबा," मी मोठ्याने म्हणाले.