कपाशीची तूर होत न्हाई

मंठ्याच्या बसस्टँडवर वाऱ्याचा एक झोत आला अन् नुजहतच्या काखेतला तक्ता निसटून उलगडत गेला... थेट एका तरुणाच्या पायाशी. वाकून चालणाऱ्या वानरापासून ताठ माणसापर्यंतची त्यावरची रांग त्यानं निरखून पाहिली.

"मॅडम, तुमचं खानदान सांडलं!"

"माझ्या एकटीचं न्हाई — तुमचंबी आहे!" ती फणकारली. मग दोघंही हसले.

तो उबेद. मशिदीत नमाज पढवणाऱ्या पेशइमामांचा मुलगा, स्टँडसमोर त्याचं बियाण्याचं दुकान. ती रोज जालन्याहून इथल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला यायची. त्या दिवसापासून परतीची बस लागेपर्यंत मोसंबीचा रस आणि एक वाद ठरलेलाच.

"अल्लाहनंच घडवलं माणसाला. पण सावकाश... लाखो वर्षं लावून," ती म्हणायची.

"जनावरांचं कबूल. पहिला माणूस, आदम अलैहिस्सलाम, मात्र अलग."

"दरसाल नवं वाण विकता, अन् तरी—"

"वाण बदलतं, मॅडम. कपाशीची तूर न्हाई होत!"

ती खळखळून हसायची. मग तो नुसताच बघत राहायचा, आणि ती उगाच ओढणी सावरायची.

एका दुपारी मात्र तिनं ग्लासाला हातही लावला नाही. परभणीचं स्थळ फिरलं होतं. 'मुलगी माणसाला माकडाची औलाद म्हणते,' असा निरोप आला होता. असं फिरलेलं हे दुसरं स्थळ. घरी अम्मी रडत होती.

"अम्मी म्हणतीये, उत्क्रांतीचा धडा शिकवूच नको," नुजहत हळूच म्हणाली. "सोडू का?"

"बिलकुल न्हाई!" उबेद एकदम बोलला. "मला सगळं पटत न्हाई... पण तुम्ही ज्या इमानानं शिकवता, ते पटतं. अब्बांनाबी विचारलं मी. ते म्हणाले, यावर धर्माच्या जाणकारांचं, आलिमांचंच एकमत न्हाई. पोरगी अल्लाहला मानती ना? मंग बस."

"अब्बांना? ...कशाला विचारलं?"

त्याचे कान लाल झाले. "हा वाद मिटायला चाळीसेक वर्षं लागतील. स्टँडवर उभ्या उभ्या कसं जमायचं..."

तेवढ्यात बस लागली. कंडक्टर ओरडू लागला. नुजहत लगबगीनं बसकडे गेली. पायरीवर पाय ठेवून ती वळली.

"रविवारी तुमच्या अम्मींना आमच्या घरी पाठवा. आणि आधीच सांगा — मुलगी ऐकून घेणारी न्हाई!"

बस हलली. मागून उबेदचा आवाज आला, साऱ्या स्टँडनं माना वळवाव्यात एवढा मोठा —

"बराबर हाय! मला ऐकवणारीच पाहिजे!"