सिस्टर येऊन गेल्या

बुऱ्हाणपूरच्या आसपास ज्योत्स्ना सिस्टरांना कोण ओळखत नाही! फोपनारपासून थेट तुकईथडपर्यंत केळीच्या मळ्यांतून त्यांची स्कूटी फटफटत आली की बाया हातातलं काम टाकून रस्त्यावर यायच्या. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर चार दिवस सुखानं घरी बसावं, तर ते नाही. गावोगावच्या बायकांना बाळंतपणाचं शिकवत फिरायच्या. हात कसे धुवायचे, नाळ कशी बांधायची, नवऱ्याला गाडी आणायला कसं पळवायचं. स्वभाव खाष्ट, चुकलं की चारचौघांत झापायच्या. पण निघताना पोटुशीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या, आणि कपाळभर कुंकू लावलेल्या बायाही ठसक्यात "आमेन" म्हणायच्या. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

एका गोष्टीवर मात्र त्या अडून बसत. बाळ जन्मलं की घरातली मोठी बाई ते उचलणार आणि आईच्या दुधाआधी बोटानं मध चाटवणार, अशी इथली रीत. त्यापायी आजारी पडलेली कितीतरी लेकरं सिस्टरांनी दवाखान्यात पाहिली होती. म्हणून त्यांनी सुनांना बजावून ठेवलेलं, "पहिलं दूध पाजेपर्यंत बाळ माझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही. सासू रुसली तर रुसू दे." कधी वर मान न केलेल्या पोरी या एका गोष्टीवरून घरात 'नाही' म्हणायला शिकल्या. सिस्टरांना याचा भारी अभिमान होता.

पहिल्यांदा बोलली ती तुकईथडची मालूबाई. सातवा महिना चालू होता तिचा.

"सिस्टर, काल तर येऊन गेल्या तुम्ही. आज पुन्हा काहून?"

"काल? काल मी तापानं फणफणत पडले होते, बाई."

"मस्करी नका करू. माझ्या डोक्यावर हात ठेवला की तुम्ही. किती थंडा होता!"

सिस्टर हसल्या. दिवस गेलेल्या बायांना काय वाटेल आणि काय नाही, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं.

मग खकनारजवळच्या एका घरी तेच. तीच पांढरी साडी, तीच बॅग, झापणंसुद्धा तसंच. "फक्त प्रार्थना अर्धीच सोडली तुम्ही," तिथली सून म्हणाली. "आम्ही आमेन म्हणायला थांबलो, अन् तुम्ही उठून चालल्या गेल्या." सिस्टरांनी सरकारी दवाखान्यात चौकशी केली. तिकडून कुणाला पाठवलंच नव्हतं. कुणीतरी सोंग घेऊन फिरतंय, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण खकनारच्या त्या घरच्या म्हातारीनं त्यांचा चेहरा किती वेळ निरखला होता, ते काही मनातून जाईना.

सगळ्यांना सावध करावं का? चर्चमध्ये बाकावर बसून त्यांनी कितीदा विचार केला. पण सांगणार काय? माझ्यासारखी दिसणारी कुणीतरी फिरतेय, माझ्यावरही भरवसा ठेवू नका? बाया धास्तावतील, पुन्हा सासवांच्या मधाच्या बोटाकडे वळतील, आणि एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. त्या गप्प राहिल्या. तिथंच घात झाला.

फोपनारची रजनी त्यांची पहिली शिष्या. आता तीच इतरांना शिकवायची. सिस्टरांचा जीव होता तिच्यावर, पोटच्या पोरीवर असावा तसा. रजनीची आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते. "या वेळी मी तुझ्या उशाशी असणार," असा सिस्टरांनी तिला शब्द दिला होता.

रविवारची उपासना आटोपून त्या बाहेर पडल्या, तोच रजनीच्या नवऱ्याचा, जीवनचा फोन.

"सिस्टर, दर्द सुरू झाले! टाइमच्या आधीच. दवाखान्याची गाडी अजून आली नाही. मी रोडवर थांबलोय. तुम्ही जल्दी या ना!"

स्कूटी निघाली. भर दुपारचं ऊन, पण मळ्यांच्या मधल्या वाटेवर अंधारून आलेलं. दोन्हीकडे केळीची ओली सावली, कापलेल्या खोडांचा आंबूस वास. आज एकही बाई रस्त्यावर आली नाही. एका वळणावर पानं कापणारी बाई कमरेतून सरळ झाली. तिनं सिस्टरांकडे पाहिलं, मग फोपनारच्या दिशेनं पाहिलं, आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

"काय गं, काय झालं?" सिस्टरांनी ओरडून विचारलं.

विळा टाकून ती केळीत शिरली.

रजनीच्या अंगणात तिची सासू भागाबाई घमेल्यात कपडे धूत होती. पाणी लाल झालेलं.

"अव माय, लगेच परत आल्या? काही राहिलं का?"

सिस्टरांनी स्कूटी तशीच टाकली. "रजनी कशी आहे?"

"झाली नं मोकळी! तुमच्याच हातानं झाली, अन् मलेच काय विचारता?" भागाबाई हसली. "नात झाली. मी म्हटलं, मले घेऊ दे थोडं. पण तुमची ही शिष्या! हात भी लावू दिला नाही मले, तुमच्याच हाती दिली."

सिस्टर धावत आत गेल्या.

खोली लख्ख पुसलेली होती. कापसाचे बोळे एका कोपऱ्यात गुंडाळलेले, टॉवेलची घडी तिहेरी. त्या स्वतः घालायच्या तशीच.

रजनी खाटेवर टेकून बसली होती. घामेजलेली, दमलेली, पण चेहरा फुललेला.

सिस्टरांनी खाटेवर पाहिलं. झोळीत पाहिलं. खाटेखालीसुद्धा वाकून पाहिलं.

"रजनी, बाळ कुठंय?"

रजनीला हसू आलं. तिनं पोलक्याची बटणं सोडली, सरकून मांडीवर जागा केली आणि सिस्टरांच्या रिकाम्या हातांपुढे आपले दोन्ही हात पसरले.

"आणा, सिस्टर. पाजते आता," ती म्हणाली. "झाल्यापासून एकदा भी रडली नाही. किती गुणाची आहे माझी लेक!"