गोठलेला पडदा आणि निळा कागद

"ताई, पाच वाजता यांना कामावरून काढताहेत! कारखान्याचं क्वार्टर पण जाईल. यांनी नाही केलं हो, कसम से!"

सुनीता धापा टाकत शनवारा भागातल्या ऑफिसात शिरली आणि खाजगी गुप्तहेर प्रतिभा महाजन लगेच उठली. तिचा सहायक, निवृत्त हवालदार हिरामण, याचा चहा बशीतच राहिला.

कागद कारखान्यात वह्यांचा पांढरा कागद चक्क आकाशी होऊन पडला होता. पांढरेपणा खुलावा म्हणून लगद्यात किंचित निळा रंग सोडतात. त्याचा आकडा चार होता, कुणीतरी चाळीस केला होता.

दोघं कारखान्यात पोहोचली. कंट्रोल रूममधल्या संगणकाला माउसच नव्हता. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, एंटर दाबलं की काम फत्ते. शेवटचा हुकूम सव्वाअकराचा होता: रंग 40. त्याखाली पडदा गोठलेला.

"तेव्हापासून हँग आहे. पुरावा म्हणून मी कुणाला हात लावू दिला नाही," मॅनेजर जीवनराव म्हणाले. "लॉगिन प्रवीणचं आहे."

"उघडं ठेवून चहाला गेलो, ही गलती माझी," सुनीताचा नवरा प्रवीण रडवेला झाला होता. "पण रंग मी नाही बदलला, मॅडम."

"शेजारच्या संगणकावर काम करून दाखवा," प्रतिभा म्हणाली.

प्रवीणची बोटं धावू लागली. कंट्रोल-ए दाबून तो ओळीच्या सुरुवातीला गेला, कंट्रोल-डब्ल्यूने चुकलेला शब्द पुसला. हिरामणच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

त्या वेळात खोलीत दोघंच येऊन गेले होते. पहिली इंजिनिअर सोनाली.

"मी नमुना न्यायला आले होते. हे सगळे हुकूम मलाही येतात," ती फटकन म्हणाली. "पण मी केलं असतं तर पडदा साफ करूनच गेले असते ना!"

दुसरे हेडक्लार्क निरंजन. ते आपल्या टेबलावर प्रवीणच्या बडतर्फीचं पत्र टाइप करत होते. दर ओळीला त्यांची डावी बोटं दोन कळांवर पडत.

"हे काय दाबता?" हिरामणने विचारलं.

"कंट्रोल-एस. सेव्ह करतो. एकदा लाइट गेली अन् अख्खं पत्र उडालं, तेव्हापासून हाताला सवयच लागली."

"कंट्रोल रूममध्ये का गेला होता?" प्रतिभाने विचारलं.

"हजेरीपत्रक ठेवायला. ते काळं मशीन मला बिलकुल येत नाही. प्रवीण बाणाची कळ दाबून जुना हुकूम आणून दाखवायचा, तेवढं पाहिलंय."

"प्रवीण इनचार्ज होणार होता म्हणे?"

"हो. मोठं क्वार्टर पण त्यालाच. मी बारा वर्षं अर्ज करतोय!"

पावणेपाचला प्रतिभाने सगळ्यांना गोठलेल्या पडद्यासमोर उभं केलं. हिरामणला आता राहवेना. "बाई, काय शे हे? काही कळू द्या!"

"हा संगणक हँग नाहीच," प्रतिभा म्हणाली. "या पडद्यावर कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह नव्हे, थांब! पडद्यावर अक्षरं उमटणं थांबतं, पण टाइप केलेलं आत साठत राहतं. प्रवीण आणि सोनालीला हे ठाऊक आहे. रंग बदलणाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याने बाण दाबून जुना हुकूम आणला, चारपुढे शून्य जोडलं, एंटर मारलं. काम तिथेच झालं होतं. पण सेव्ह केल्याशिवाय त्याला चैन पडेना! मग पडदा गोठला. संगणकाला लॉक लागलं असं वाटून त्याने आपल्या टेबलावर लॉक उघडायला टाइप करतो तेच लॉगिनचं नाव टाइप करून एंटर मारलं असणार."

तिने कंट्रोल-क्यू दाबलं.

पडदा जागा झाला. साठलेली अक्षरं भराभर उमटली: निरंजन. खाली उत्तर आलं, या नावाचा हुकूम सापडला नाही.

निरंजन मटकन खुर्चीत बसले. "एका क्वार्टरसाठी..." एवढंच ते बोलले.

जीवनरावांनी बडतर्फीचं पत्र टराटरा फाडलं. "प्रवीण, मशीन चालू कर."

साधा चार प्रवीणला तीनदा टाइप करावा लागला. बाहेर कागदयंत्राचे रूळ घरघरले. सुनीता धावत गेली आणि कागदाची पहिली पट्टी हातात घेऊन ओरडली, "पांढरा आलाय हो, पांढरा!"