डावीकडे सरकवलेलं पान

ही गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची. ऐकीव नाही. शेवटचा भाग तर मी स्वतः शेजारी बसून पाहिलाय. मी देव मानणारी बाई. त्याला साक्षी ठेवून खोटं लिहिणार नाही.

अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हतं. रविवारची लख्ख दुपार होती. खिडकीतलं ऊन टेबलावर पसरलं होतं.

आणि घरात ताई एकटी...

ताई शाळेच्या पुस्तकांची पानं लावते. मजकूर कुठे, चित्र कुठे, सगळी मांडणी कॉम्प्युटरवर. भावोजी त्याच पानांची प्रूफं तपासायचे. दोघांत एक लांब टेबल, एक लॅपटॉप आणि डब्याएवढा काळा डॉक. डॉकची तार लॅपटॉपला जोडली, की ओळीने मांडलेले तीन मॉनिटर एकदम उजळायचे. दोन ताईचे. अगदी डावीकडचा भावोजींचा.

पान लावून झालं, की ताई ते माऊसने डावीकडे ढकलायची. पान तिच्या पडद्यावरून सरकत भावोजींच्या पडद्यावर जायचं. ते वाचायचे. जे खरं नाही, बरोबर नाही, त्यावर पिवळा रंग फासायचे आणि पान परत ढकलायचे.

माऊस दोन, पण पडद्यावरचा बाण एकच. एकाने काम करताना दुसऱ्याने हात वर धरायचा. त्यावरून रोज जुंपायची.

"अहो, हात काढा! माझं चित्र पळालं."

"तुझंच चित्र चंचल."

"आणि चुकलं तर तोंडाने सांगा की. नुसतं पिवळं काय करता?"

"तोंडाने सांगितलं की तू भांडतेस. पिवळ्याशी भांडून दाखव."

असा तीस वर्षांचा संसार.

भावोजी गेले आणि घर मुकं झालं. डावीकडचा काळा पडदा ताईला बघवेना. तिने तो, त्यांच्या माऊससकट, शेजारच्या मास्तरांना देऊन टाकला. भिंतीशी फक्त त्यांची खुर्ची उरली.

"ताई, माझ्याकडे राहायला ये. खोली तयार आहे," मी म्हटलं.

"हातातलं पुस्तक संपू दे गं. मग येते. इथे आता आहे कोण?"

मी दिवस मोजत होते.

त्या रविवारी तिने एक पान लावलं. आणि हाताला लागलेली सवय... तिने ते डावीकडे ढकललं.

डावीकडे आता काही नव्हतं. रिकामं टेबल. भिंत.

पान पडद्याच्या कडेला अडायला हवं होतं.

अडलं नाही.

सरकत सरकत... सगळंच्या सगळं बाहेर गेलं.

ताईने कपाळावर हात मारला. सकाळपासूनची मेहनत! डॉकची तार बघावी म्हणून ती उठणार, एवढ्यात...

खुर्ची करकरली.

तिची नव्हे. भिंतीशी असलेली.

मग काहीच नाही. पंख्याचाही आवाज जाणवेना.

आणि पडद्याच्या डाव्या कडेतून पान हळूहळू परत आलं. ताईचे दोन्ही हात मांडीवर होते.

धबधब्याच्या चित्राखाली तिने चुकून ज्वालामुखी लिहिलं होतं.

तो शब्द पिवळा होता.

दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. पिवळ्याबद्दल बोलली नाही. पान बाहेर जातं, एवढंच सांगितलं. त्याने डॉक उलटापालटा केला.

"मावशी, हा म्हणतोय तीन मॉनिटर जोडलेत. आहेत तर दोनच. तिसरा खाल्ला की काय यानं?"

स्वतःच्या विनोदावर तो एकटाच हसला. डॉक बदलला. नवा कोरा.

नवा डॉकही तीनच म्हणाला.

आता तो हसला नाही. पैसेही न घेता गेला, आणि पुन्हा फोन उचलला नाही.

इकडे ताईचा आवाज मात्र फोनवर खुलत चालला. मी सुखावले. म्हटलं, देवाने ऐकलं. पण "कधी येतेस?" विचारलं, की "बघू गं." एक पुस्तक संपलं, तिने दुसरं घेतलं. मग तिसरं.

शेवटी मीच तिला न्यायला गेले.

तिने मला टेबलापाशी बसवून सगळं सांगितलं. आता ती मुद्दाम चुका करत होती... पान परत यावं म्हणून.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"बघ तर."

तिने कोऱ्या पानावर लिहिलं : घरात मी एकटी राहते. डावीकडे ढकललं आणि हात उचलले.

करकर...

पान परत आलं. "एकटी" हा शब्द पिवळा.

"बघितलंस? एकटी नाही म्हणतात!" ताईचे डोळे भरून आले होते. "मग सांग, यांना इथे टाकून मी तुझ्याकडे कशी येऊ?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगते, मलाही रडू फुटलं. मी त्या रिकाम्या खुर्चीला हात जोडले. म्हटलं, "भावोजी, तुम्ही सांगा हिला. तुमचं ऐकेल ती."

ताई हसली. डोळे पुसून लिहायला बसली.

तुम्हीच आहात ना?

पान गेलं.

या वेळी वेळ लागला. खुर्ची करकरली... थांबली... पुन्हा करकरली. जणू कुणीतरी पुढे वाकून वाचत होतं.

पान आलं.

"तुम्हीच" हा शब्द पिवळा होता.

मी झडप घालून लॅपटॉपची तार उपसली. दोन्ही पडदे विझले. "ऊठ! आत्ताच्या आत्ता चल. कपडे नंतर नेऊ."

ताई हलली नाही. तिने एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्या हातातून तार अलगद काढून घेतली.

"ते नाहीत तर नाहीत," ती म्हणाली. "पण मी लिहिलेलं वाचतं तरी कुणीतरी."

आणि तिने तार पुन्हा जोडली.

मी एकटीच घरी परतले. ताई अजून तिथेच आहे. तिच्यासाठी तयार केलेली खोली रिकामी आहे. रोज संध्याकाळी दिवा लावून मी ताईसाठी देवाला साकडं घालते. वाटतं, तिच्याशेजारी जे कुणी बसतं, त्यालाही शांती मिळावी म्हणून मागावं.

पण मागू कुणाच्या नावाने?