मुकी प्रदक्षिणा

पायऱ्या उतरून राही खडकांवर आली, आणि पाय धूत बसलेल्या माणसावर पडता पडता राहिली.

"अगो, बघून चाल! देव काय पळून न्हाय जात."

राही बोलली नाही. बोलायचंच नव्हतं. तिच्या आईचे, सोनूबाईचे, पाय वर्षभर वाताने आखडले होते. 'मी उभी राहिले तर माझी लेक हरिहरेश्वराला पाच सोमवार मुकी प्रदक्षिणा घालील,' असा नवस सोनूबाई बोलली होती. आणि ती उभी राहिली. आता फेडायचं राहीला. ओहोटी गाठून अनवाणी निघायचं, उजवीकडे डोंगर, डावीकडे समुद्र, पावलागणिक मनात देवाचं नाव. वाटेत बोलायचं नाही, थांबायचं नाही.

"नवस व्हय?" तो सोबत चालू लागला. "मग आज माझंच राज्य! मी नामा. सुपारीच्या झाडावर चढतो. तू?... नलू? न्हाय? बायजा? — नाक मुरडलंस, म्हंजे बायजा न्हाय!"

राहीने ओठ दाबले. हसू मात्र गालात सांडलंच.

पुढच्या सोमवारी तो होताच, गावात विचारून तिचं नावही घेऊन आलेला. त्याच्या पुढच्याही. लाटेचे तुषार पायावर यायचे, निसरड्या खडकावर तो नुसता हात पुढे करायचा... ती तो धरायची नाही, पण बघायची. 'हर हर' म्हणायला जावं, तर आपलं पाऊल त्याच्या पावलाशी जुळलेलं! घरी जात्यावर बसली की ओवी भलतीच सुचायची —

*पाय देवाच्या वाटेला, मन माणसाच्या मागं...*

मग ती जातंच थांबवायची. तिकडे आई भिंत न धरता अंगण झाडत असायची. ते पाय बघून राहीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पाचवा सोमवार. चार खडक ओलांडले की फेरी पुरी. नामा मग हळूच म्हणाला, "उद्याच्या आगबोटीनं मुंबईला चाललोय. गिरणीत. परत यायचा न्हाय."

राही थांबली. "नको जाऊ!"

दगड पाण्यात पडावा तसा शब्द पडला. नामाचा चेहरा उतरला.

"राही... खोटं बोललो गो. तुझा आवाज ऐकायचा होता."

"आईचे पाय होते त्या नवसात!" एवढंच बोलून ती पळाली.

देवळाच्या दारात सोनूबाई नारळ घेऊन उभी. पहिल्यांदाच एवढं चालून आलेली. "झाली पोरी फेरी? धर, फोड."

हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? राहीने नारळ हातात घेतला. पण फोडला नाही.

"आये, मी बोलले. थांबले पण. आणि पाचही सोमवार... मनात देव नव्हता."

"मग कोन होता?"

मागून नामा आला, खाली बघतच. "मी, काकी. मीच खोटं बोलून बोलती केली. चूक माजी."

सोनूबाई पायरीवर बसली. तिने गुडघे चोळले.

"पुन्यांदा पाच सोमवार," ती म्हणाली. "आन् तू बी चालशील रे, तिच्या धा पावलं मागं. तोंड उघडलंस तर माझ्या दारात येऊ नको. न्हाय उघडलंस... तर हिच्या बापाशी मी बोलते."

ते पाच सोमवार दोघं चालली. मागे पावलं वाजायची, राहीची लाज काही सुटायची नाही. पण त्या लाजेतूनच एक दिवस नाव आलं — हर हर, हर हर — लाटेसारखं, आपोआप.

शेवटची फेरी संपली. सोनूबाईने नारळ फोडला. नामा उभाच, कान लाल.

"आता बोल की!" राही म्हणाली.

"काय बोलू?" तो पुटपुटला. "...तुझ्या मागनं चालताना मीबी देवाला इसरलो न्हाय. पर मागितलं तुलाच."

राहीने खोबऱ्याचा मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला, आणि ह्या खेपेला हात काढून घेतला नाही.