अश्मयुगातली साबुदाण्याची खिचडी

वजनकाट्यावर उभं राहून बाबांनी पोट आत ओढलं, श्वासही रोखला. पण काटा असल्या विनवण्यांना भीक घालणारा नव्हता. "चौऱ्याऐंशी किलो, चारशे ग्रॅम," तो सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"बिघडलंय हे यंत्र," बाबा म्हणाले.

बारा वर्षांच्या मैथिलीने स्वयंपाकघरातून तूरडाळीची न उघडलेली पिशवी आणली आणि काट्यावर ठेवली. "दोन किलो," काटा म्हणाला. पिशवीवरही तेच छापलं होतं. यंत्र ठणठणीत होतं, घोटाळा दुसरीकडेच कुठेतरी होता.

महिन्यापूर्वी बाबांचं वजन चौऱ्याऐंशी होतं. मग त्यांनी 'आदिमानवाचा आहार' सुरू केला आणि आठवड्याभरात ते एक्याऐंशीवर आले. पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते. त्यानंतर त्यांनी पोळी, भात, डाळ यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तरी गेलेलं वजन परत आलं होतं, आणि येताना आणखी थोडं घेऊन आलं होतं!

एरवी मैथिली हसून मोकळी झाली असती. पण बाबा, म्हणजे हेमंत ढमाले, पोलादपूरच्या तळावर उडती रुग्णवाहिका चालवत. घाटमाथ्याजवळच्या वाड्यांमधून आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणायला एकेकाळी अर्धा दिवस जाई. सूर्यप्रकाशावर चालणारं हे छोटं यान तेच काम काही मिनिटांत करी. मात्र यान जेवढं छोटं, तेवढे त्याचे नखरे मोठे. चालकाचं वजन अठ्ठ्याहत्तर किलोंच्या वर गेलं, की मागे तेवढा भार कमी घ्यावा लागे, म्हणून चालकांना तीच मर्यादा घातलेली होती. हिवाळ्यातल्या तपासणीत बाबा नापास झाले, तर त्यांना कचेरीतल्या खुर्चीत बसावं लागणार होतं आणि नवा चालक मिळेपर्यंत यान जमिनीवर. तोवर वरच्या वाड्यांनी काय करायचं? या विचाराने बाबांची झोप उडाली होती आणि मैथिलीचीही.

"हे वजन आलं कुठून, ते मी शोधून काढणारच," असं म्हणून तिने चपला पायात सरकवल्या आणि आजोबांचं घर गाठलं.

आजोबा म्हणजे तिच्या आईचे वडील, डॉ. विश्राम पोतनीस. ते पुरावनस्पतिशास्त्रज्ञ (प्राचीन काळच्या वनस्पतींच्या अवशेषांचा अभ्यास करणारे) होते. त्यांच्या प्रयोगशाळेत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे दात काचेच्या डब्यांत ठेवलेले असत, आणि चकमक नावाचा रोबो त्यांची डोळ्यांत तेल घालून राखण करी.

"हेमंतरावांचे नियम तरी काय आहेत?" आजोबांनी विचारलं.

"मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा चालेल. धान्य, कडधान्य, दूध, साखर, मीठ बंद. आपलं शरीर अश्मयुगात घडलंय म्हणे, म्हणून तेव्हाचंच खायचं."

"आणि सध्या तुमच्याकडे रांधतं कोण?"

"माईआत्या. आई अंटार्क्टिकाला गेलीय ना, म्हणून ती आलीय. बाबांनी हे सुरू केलं, त्याच्या पुढच्याच आठवड्यात."

आजोबांच्या भुवया वर गेल्या. "चल, जेवायच्या वेळेला तुमच्याकडेच जाऊ. चकमक, तूही चल."

माईआत्या, बाबांची थोरली बहीण, कढईतल्या साबुदाण्याच्या खिचडीवर सढळ हाताने तूप सोडत होती. बाजूला बटाट्याचा कीस, भगर, दाण्याची आमटी आणि दाण्याचे लाडू मांडून ठेवले होते.

"या अण्णा! हेमूचं आदिमानवाचं ताट वाढतेच आहे, तुम्हीही बसा."

"माई, हा आदिमानवाचा स्वयंपाक?" आजोबांनी हसू कसंबसं आवरलं.

"नाहीतर काय! पहिल्याच दिवशी हा मला सांगायला लागला, धान्य नको, कडधान्य नको, पोळी नको. म्हटलं, एवढं लांबण कशाला लावतोस? सरळ उपवास म्हण की! जन्मभर करत आलेय मी."

मैथिली बघतच राहिली. तीन आठवडे तिने हे ताट रोज पाहिलं होतं, पण कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उपवासाला चालतं, म्हणजे ते धान्य नाही, ही गोष्ट या घरात इतकी पक्की होती.

चकमकने ताटावर निळा प्रकाश फिरवला. "साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची. या सगळ्यांची मूळ झाडं अमेरिकेच्या बाजूची. आपल्याकडे येऊन फक्त काही शतकं झाली. इथल्या आदिमानवाने यातलं काहीही पाहिलेलं नाही. भगर हे गवताचं बी आहे, म्हणजे धान्यच."

"भगर धान्य? काहीतरीच बोलू नकोस!" आत्या कडाडली.

"एकूण ऊर्जा, साध्या पोळी-भाजी-वरणाच्या ताटाच्या जवळजवळ दुप्पट," चकमकने न डगमगता वाक्य पुरं केलं.

बाबांच्या हातातला लाडू हातातच राहिला. "पण अण्णा, पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले, ते खोटं नव्हतं ना?"

"खोटं नव्हतं. पण त्यात चरबी फार थोडी होती." आजोबांनी मैथिलीला जवळ बोलावलं. "मैथू, आत्या साबुदाणा भिजवते, तेव्हा वरचं पाणी कुठे जातं?"

"साबुदाणा पिऊन टाकतो आणि फुगतो."

"शाब्बास. आपलं शरीरही थोडी साखर अडीनडीला साठवून ठेवतं. तिला ग्लायकोजेन (यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर) म्हणतात. तीही आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते, एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम. पहिल्या आठवड्यात तुझे बाबा काय खात होते?"

"उकडलेली अंडी आणि काकड्या. त्यांना दुसरं काही करताच येत नाही!"

"मग पिष्टमय पदार्थ (ज्यांच्यापासून शरीर साखर बनवतं ते) बंद झाले. साठवलेली साखर वापरली गेली आणि तिने धरलेलं पाणीही गेलं. पुढे..."

"पुढे साबुदाणा आला!" मैथिली जवळजवळ ओरडलीच. "साखर पुन्हा साठली आणि पाणी परत आलं! आणि त्या दुप्पट ऊर्जेतली जी खर्च झाली नाही, तिची चरबी झाली!"

"तुला हे कळलं, तसं पुष्कळ मोठ्यांना कळत नाही," आजोबा म्हणाले. बाबांनी मान खाली घातली.

आत्याचे डोळे मात्र भरून आले होते. "म्हणजे माझ्याच हाताने मी त्याचं यान..."

"माई, नाही गं," बाबा घाईने म्हणाले. "खिचडी समोर आली की मलाच बरं वाटायचं. म्हणून मी एकदाही विचारलं नाही, हे आदिमानवाने खाल्लं असेल का."

"मग उद्यापासून खरंखुरं आदिमानवाचं खायचं?" मैथिलीने विचारलं.

उत्तरादाखल आजोबांनी चकमकला भिंतीवर चित्र दाखवायला सांगितलं. राखाडी खडबडीत थरात काही गोल, पारदर्शक कण चमकत होते. "हे एका प्राचीन माणसाच्या दातावर साचलेलं कीट आहे. त्यातले हे पिष्टकण गवताच्या बियांचे आणि जमिनीखालच्या कंदांचे आहेत. हा माणूस बिया खात होता. समुद्राकाठचा मासे खायचा, बर्फाळ मुलखातला मुख्यतः मांस खायचा. सगळ्या अश्मयुगाचं एकच ताट कधी नव्हतंच. आणि जे मिळायचं, त्यासाठी दिवसभर पायपीट करावी लागायची."

"म्हणजे हा आहार निव्वळ थाप?" बाबांनी विचारलं.

"तसंही नाही. तो नीट पाळला तर साखर, तळलेलं, पाकिटातलं सगळं बंद होतं. भाज्या वाढतात, अंडी-मासळीने पोट लवकर भरतं, आणि माणूस नकळत कमी खातो. सुरुवातीचे काही महिने वजन उतरतंही. पण ते कमी खाल्ल्यामुळे, अश्मयुगामुळे नव्हे. डाळ, भाकरी, ताक टाकून देण्याची गरजच नसते. उलट दूध कायमचं बंद केलं, तर हाडांना लागणारं कॅल्शियम दुसरीकडून शोधावं लागतं. शिवाय असला कडक आहार फार दिवस निभत नाही. वर्ष-दोन वर्षांनी पाहिलं, तर इतर समंजस आहारांपेक्षा तो फारसा पुढे गेलेला दिसत नाही. त्यातलं कामाचं ते उचलायचं, बाकीचं सोडून द्यायचं."

"मग मीही बाबांबरोबर कमी जेवते," मैथिली म्हणाली.

"अजिबात नाही!" आजोबांचा आवाज एकदम चढला. "तुझी वाढ चालू आहे. तू पोटभर जेवायचं."

दुसऱ्या दिवसापासून आत्याने पदर खोचला. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, एक भाकरी, वाटीभर आमटी, कधी मासळी तर कधी अंडं, आणि ताक. लाडवांचा डबा शेजारी गेला. बाबा तळावर चालत जाऊ लागले आणि चढणीवर मैथिली त्यांना मागे टाकू लागली. वजन उतरे, पण गोगलगायीच्या चालीने. एखादा आठवडा तर काटा जागचा हलत नसे. बाबा चिडत, आदळआपट करत आणि सकाळी पुन्हा बूट चढवत. मैथिलीने ठरवलंच होतं, आपण कंटाळायचं नाही आणि बाबांनाही कंटाळू द्यायचं नाही.

तपासणीच्या सकाळी घरचा काटा म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर किलो, शंभर ग्रॅम."

एवढ्यावरून सगळं अडणार? मैथिलीने बाबांचा हात धरला. "बाबा, आता पाणी पिऊ नकोस. दुपारपर्यंत थांबलास तर सहज आत येशील."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग तांब्या उचलला आणि पेलाभर पाणी शांतपणे पिऊन टाकलं. "पाण्याचं वजन म्हणजे माझं वजन नव्हे, हे तूच ओरडून सांगितलं होतंस ना? तहानेल्या चालकाला दरीवर भोवळ आली, तर मागे झोपलेल्या माणसाने काय करायचं?"

मैथिली लाजेने लाल झाली. पण त्या क्षणी तिला बाबांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा ते आकाशात असतानाही कधी वाटला नव्हता.

बाबा नापास झाले, अवघ्या तीनशे ग्रॅमने! तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यांचे मागचे आकडे पाहिले, दर आठवड्याला जरा जरा खाली येणारे. "रेघ बरोबर दिशेने चाललीय," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी या." घरी आत्याने ताट वाढलं. एक भाकरी, आमटी, भाजी. बाबा नेहमीसारखे जेवले आणि चालायला बाहेर पडले. मैथिलीही निघाली.

पंधरा दिवसांनी बाबा पास झाले. त्याच दुपारी वरच्या एका वाडीतून निरोप आला, बाळंतपणाला अडलेली बाई आहे. यान वर गेलं. तळावर मैथिली आणि आजोबा कान टवकारून बसले.

बऱ्याच वेळाने बाबांचा आवाज आला. "मी पोहोचण्याआधीच मुलगी झाली, पावणेतीन किलोंची. आई अशक्त आहे, सोबत परिचारिका आहे. चौघं निघतोय." मागोमाग यानाचा आवाज आला, "एकूण भार मर्यादेत. उड्डाणाला परवानगी."

"चौघं?" मैथिलीने चटकन हिशोब मांडला. बाबा, परिचारिका, आई आणि पावणेतीन किलोंची ती नवी मुलगी. बाबा पूर्वीइतके जड असते, तर यानाने कुणातरी एकीला खाली ठेवायला लावलं असतं.

डोंगराच्या कडेवरून यान दिसू लागलं तशी ती धावत मैदानात गेली. बाबांनी महिनोन् महिने घाम गाळून कमी केलेल्या त्या वजनाच्या जागेवर एक बाळ झोपून येत होतं.